धार व देवासची नाणी : ओळख, जतन आणि नोंद

माळव्यातील देवास हे शहर संस्थानी काळात एकाच वेळी दोन राज्यांची राजधानी होते. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या माळव्यातील मोहिमांत तुकोजी आणि जिवाजी पवार या दोघा बंधूंनी पराक्रम गाजविला आणि तेथे आपली सत्ता स्थापन केली. पुढे त्यांच्या वंशजांत 'थोरली पाती' व 'धाकटी पाती' अशी वाटणी झाली. राज्य वाटले गेले तसे शहरही वाटले गेले. शेजारच्या धार येथे उदाजी व आनंदराव पवार यांच्या कर्तबगारीने पवारांचीच दुसरी शाखा नांदत होती. ही तिन्ही मराठी राज्ये १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ पासून तो प्रदेश मध्य प्रदेशात आहे.

राज्ये गेली, परंतु त्यांचे पैसे राहिले. जुन्या पेटीत, देव्हाऱ्याच्या खणात किंवा मोडीच्या दुकानातील तांब्याच्या ढिगात हे पैसे अद्यापि आढळतात. त्यांची ओळख नसल्याने ते वितळविले जातात, घासून चकचकीत केले जातात, किंवा कोणा भामट्याच्या सांगण्यावरून लाखमोलाचे समजून दडवून ठेवले जातात. या तिन्ही प्रकारांत इतिहासाची हानी होते. नाणे कसे ओळखावे, कसे जपावे आणि जमिनीत सापडल्यास कोणास कळवावे, याची माहिती ग्रामस्थ, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांना असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

एक शहर, दोन पैसे

१८७६ मध्ये ब्रिटिश सरकारने देशी संस्थानांच्या नाण्यांसंबंधी एक कायदा केला. संस्थानाने ठराविक मुदतीपर्यंत स्वतःची टांकसाळ बंद ठेवावी, धातू सरकारी टांकसाळीत पाठवून नाणी पाडून घ्यावीत आणि अशी नाणी ब्रिटिश हद्दीतही कायदेशीर चलन म्हणून चालावीत, असे त्याचे स्वरूप होते. या कायद्याचा लाभ फार थोड्या संस्थानांनी घेतला. अलवर, बिकानेर, धार आणि देवासच्या दोन्ही पाती ही त्यांतील नावे होत.

त्यानुसार धारसाठी १८८७ मध्ये आणि देवासच्या दोन्ही पातींसाठी १८८८ मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीत तांब्याची नाणी पाडण्यात आली. त्या वेळी धार येथे तिसरे आनंदराव, देवास थोरल्या पातीत दुसरे कृष्णाजीराव आणि धाकट्या पातीत नारायणराव हे अधिपती होते. दर्शनी बाजूवर मात्र यांपैकी कोणाचाही मुखवटा नाही. तेथे मुकुटधारी व्हिक्टोरिया राणीचा डावीकडे पाहणारा चेहरा असून भोवती 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' ही इंग्रजी अक्षरे आहेत. संस्थानाचे नाव, किंमत आणि वर्ष यांना मागील बाजूवर स्थान मिळाले आहे.

देवासचा पैसा हाती आल्यास तो कोणत्या पातीचा हे ओळखण्याची खूण सोपी आहे. 'देवास स्टेट' या इंग्रजी शब्दांपुढे 'एस. बी.' अशी अक्षरे असल्यास ते नाणे थोरल्या पातीचे आणि 'जे. बी.' अशी अक्षरे असल्यास धाकट्या पातीचे होय. दोन्हींवर राणीची मुद्रा एकच, धातू एकच, वर्षही एकच. दोन राज्यांतील सारा भेद या दोन अक्षरांत सामावला आहे. झिजेमुळे किंवा घासल्यामुळे तेवढा भाग पुसला गेला, तर नाणे कोणत्या राज्याचे हे सांगणे कठीण होऊन बसते.

किमतीही समजून घेतल्या पाहिजेत. जुन्या हिशेबात सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा आणि बारा पैंचा आणा असे. त्यामुळे 'पाव आणा' म्हणजे एक पैसा आणि 'एक द्वादशांश आणा' म्हणजे एक पै. धारने यांखेरीज अर्धा पैसाही काढला. पाव आण्याचे प्रमाणित वजन शंभर ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम होते. पै साधारण सव्वादोन ग्रॅमपेक्षा किंचित कमी भरते.

देवास थोरल्या पातीने १९४४ मध्ये पुन्हा एकदा तांब्याचा पैसा काढला. तो महाराज विक्रमसिंहराव पवार यांच्या कारकिर्दीतील आहे. हेच विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि छत्रपती शहाजी महाराज म्हणून ओळखले जाऊ लागले. देवासचा हा पैसा अशा रीतीने कोल्हापूरच्या इतिहासाशीही जोडला गेलेला आहे.

नाण्यावरील चेहऱ्याचा प्रवास

नाण्यावर राज्यकर्त्याचा एका बाजूने दिसणारा चेहरा आणि त्याच्या भोवती अक्षरांचे कडे, ही मांडणी माळव्याला १८८७ मध्ये प्रथमच दिसली असे नाही. तिचे मूळ ग्रीक नाण्यांत आहे आणि ती या प्रदेशात जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वीच रुळली होती.

अलेक्झांडरनंतर वायव्येकडे राज्य करणाऱ्या ग्रीक राजांनी चेहरा असलेली चांदीची नाणी मोठ्या प्रमाणावर काढली. त्यांतील मिनँडर हा पाली वाङ्मयातील मिलिंद होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी प्रवासाच्या ग्रंथात असे नमूद आहे की, अपोलोडोटस व मिनँडर यांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी त्या वेळीही भडोच बंदरात चालत होती. त्याच ग्रंथात ओझेनी, म्हणजे उज्जैन येथून गोमेद व अकीक जातीचे खडे आणि सुती वस्त्रे भडोचला उतरत असल्याचा उल्लेख आहे. रोमन साम्राज्याची सोन्याचांदीची नाणीही या बंदरात येत आणि स्थानिक चलनाशी त्यांचा फायद्याने विनिमय होई. देवास हे उज्जैनचे निकटचे शेजारी. अर्थात, हा व्यापार या परिसराच्या अंगणातूनच चालला होता.

पश्चिम भारतात सत्ता स्थापन करणाऱ्या क्षत्रप राजांनी ग्रीकांची ही नाणेपद्धती उचलली. नहपान या क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या दिसतात. विशेष असे की, लिपी ग्रीक असली तरी तिच्यात लिहिलेली भाषा ग्रीक नसून प्राकृत आहे. नहपानाचे नाव आणि बिरुद प्राकृतातच, परंतु ग्रीक अक्षरांत कोरलेले आहे. पुढे उज्जैनवर राज्य करणाऱ्या चष्टनाचा उल्लेख टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने केला आहे. चष्टनाच्या वंशजांच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे उत्तरोत्तर बिघडत गेली आणि अखेर केवळ शोभेच्या रेघा उरल्या. नाणे कोरणाऱ्या कारागिराला ती अक्षरे वाचता येत नव्हती, परंतु नाणे म्हटले की त्यावर ती हवीत अशी लोकांची दृष्टी झाली होती.

गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याने क्षत्रपांचा पाडाव केल्यावर त्यांच्याच नमुन्याची चांदीची नाणी काढली. त्यानंतर इराणच्या सासानी नाण्यांवरील चेहरा हूणांच्या मार्फत इकडे आला. पिढ्यान्पिढ्या नकलेची नक्कल होत गेल्याने या चेहऱ्याचेही रूप हरपले आणि ठिपके व रेषा तेवढ्या शिल्लक राहिल्या. हीच 'गधैया' नावाने ओळखली जाणारी नाणी होत. गुजरात, राजस्थान व माळवा येथे ती विपुल मिळतात. अनभिज्ञ व्यक्तीला त्यांवर चेहरा असल्याचा संशयसुद्धा येणार नाही.

माळव्याच्या सुलतानांच्या काळात चेहरा नाहीसा झाला. दिलावरखान घोरी याने १४०१ मध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली तेव्हा धार हीच राजधानी होती. त्याचा पुत्र होशंगशाह याने ती मांडू येथे नेली. मांडूला त्या काळी 'शादियाबाद' म्हणजे आनंदनगरी असे नाव होते. आज हे स्थान धार जिल्ह्यातच मोडते. या सुलतानांच्या, विशेषतः गियासशाह व त्याच्या वारसांच्या नाण्यांचा चौकोनी आकार वैशिष्ट्यपूर्ण आहे. जाड, चौकोनी, दोन्ही बाजूंना केवळ अरबी लिपीतील मजकूर असलेले तांब्याचे नाणे मिळाल्यास ते माळव्याच्या सुलतानाचे असण्याचा संभव प्रथम विचारात घ्यावा.

मध्यंतरीच्या शतकांनंतर १८८७-८८ मध्ये तांब्याच्या साध्या पैशावर चेहरा पुन्हा आला, तो सातासमुद्रांपलीकडील राणीचा. क्षत्रपांच्या नाण्यावर परकी अक्षरांत स्वतःचे नाव होते. धार-देवासच्या नाण्यावर चेहरा परका आणि नाव तेवढे आपले. कोणाची मुद्रा दर्शनी बाजूस आणि कोणाचे नाव मागे, एवढे पाहिले तरी त्या काळच्या सत्तेचे स्वरूप ध्यानात येते.

ओळखण्याची रीत

नाणे हाती आल्याबरोबर ते कोणत्या राजाचे असा प्रश्न विचारण्याची घाई करू नये. प्रथम जे डोळ्यांना दिसते त्याची क्रमाने नोंद घ्यावी.

१. धातू, वजन व आकार : सोने, चांदी, तांबे किंवा शिसे यांपैकी धातू कोणता ते लिहावे. सराफाच्या काट्यावर वजन करून ग्रॅममध्ये नोंदवावे. व्यास किंवा बाजू मिलिमीटरमध्ये मोजावी. क्षत्रपांचे चांदीचे नाणे जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपास असते, हे लक्षात ठेवल्यास पुष्कळ गोंधळ टळतो.

२. लिपी : अक्षरे वाचता आली नाहीत तरी वळण ओळखता येते. ग्रीक व रोमन अक्षरे सुटी आणि उभी असतात. ब्राह्मी अक्षरे सुटी असून त्यांना शिरोरेषा नसते. अरबी लिपी जोडलेली व वळणदार असते.

३. चिन्हे : एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेषा आणि त्यांच्या चारही टोकांशी वर्तुळे, हे 'उज्जैन चिन्ह' होय. माळव्यातील प्राचीन नाण्यांवर आणि सातवाहनांच्या नाण्यांवरही ते आढळते. तीन कमानींचा पर्वत, चंद्रकोर व तारा ही क्षत्रपांच्या मागील बाजूवरची नेहमीची चिन्हे आहेत.

४. वर्ष : क्षत्रपांच्या नाण्यांवरील अंक शक संवताचे असतात. त्यात ७८ मिळविल्यास इसवी सन येतो. सुलतानांच्या नाण्यांवर हिजरी सन असतो. हिजरी वर्ष चांद्रमानाचे व लहान असल्याने केवळ बेरीज पुरत नाही. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. उदाहरणार्थ, हिजरी ९०० म्हणजे इसवी सन १४९५ च्या सुमारास.

५. ठसा : पातळ कागद नाण्यावर धरून मऊ पेन्सिलीने हलके घासल्यास दोन्ही बाजूंची छाप उमटते. छायाचित्राची सोय नसेल तेथे ही छाप तज्ज्ञाला पाठविण्यास पुरेशी ठरते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील घराण्यांत पुतळ्यांच्या माळा असतात. त्यांतील पुतळीचे मूळ व्हेनिस येथील डुकाट या सोन्याच्या नाण्यात आहे. त्यावर संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख यांच्या आकृती असतात. परदेशी अक्षरे व मानवाकृती पाहून अशी पुतळी प्राचीन रोमन नाणे असल्याचे समजले जाते. वास्तविक डुकाट १२८४ मध्ये सुरू झाला आणि पुतळ्यांत इकडे घडविलेल्या नकलाही पुष्कळ आहेत. रोमन नाण्यावर बहुधा सम्राटाचा एका बाजूने दिसणारा चेहरा व भोवती लॅटिन अक्षरे असतात.

जोगळटेंभीचा धडा

नाणे कोठे आणि कशासोबत सापडले, ही माहिती नाण्याइतकीच मोलाची असते. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास करून वृत्तांत प्रसिद्ध केला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती. सर्व नाणी मुळात नहपानाची. मात्र त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली छाप पुन्हा मारलेली होती. या नव्या छापेत एका बाजूस तीन कमानींचा पर्वत आणि दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह होते. काही नाण्यांवर उज्जैन चिन्हाखालून नहपानाच्या चेहऱ्याचे आणि ग्रीक अक्षरांचे अवशेष डोकावतात.

नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात तिच्या पुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा उच्छेद केल्याचे म्हटले असून त्याच्या सत्तेखालील प्रदेशांत अनूप व आकरावंती या माळव्याकडील प्रदेशांची नावे आहेत. शिलालेख हा विजेत्याच्या घराण्याने कोरविलेला. त्यातील विधानाला जोगळटेंभीच्या नाण्यांनी स्वतंत्र पुरावा दिला. जिंकलेल्या राजाचे चलन वितळवीत न बसता त्यावर आपली मुद्रा उमटवून ते पुन्हा चालविले गेले, हे त्यांतून कळले.

हा पुरावा हाती आला, कारण साठा मोठ्या प्रमाणावर एकत्र राहिला आणि अभ्यासकापर्यंत पोहोचला. हीच नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर काही किलो चांदी मिळाली असती. ती चिंच व राखेने घासली गेली असती, तर उज्जैन चिन्हाखालची पुसट अक्षरे प्रथम नाहीशी झाली असती. ती पाच-दहा नगांनी निरनिराळ्या बाजारांत विकली गेली असती, तर किती नाण्यांवर पुन्हा छाप मारली होती हे प्रमाण कधीच कळले नसते.

यास्तव जुने नाणे चिंच, लिंबू, राख, आम्ल किंवा तारेचा ब्रश यांनी कदापि साफ करू नये. माती सैल असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. त्याला भोक पाडू नये वा कडी जोडू नये. प्रत्येक नाणे कोऱ्या कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवून त्यावर गाव, शेताचा गट क्रमांक, खोली, सापडल्याची तारीख आणि सोबत मिळालेल्या वस्तू लिहाव्यात. ज्या मडक्यात नाणी सापडली त्याची खापरेही फेकू नयेत. नाणी पुरली केव्हा गेली याचा अंदाज खापरांवरूनही बांधता येतो.

कायदा काय सांगतो

जमिनीत सापडलेल्या धनाविषयी भारतीय निखात निधि अधिनियम, १८७८ हा कायदा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी सूचना द्यावयाची असते. त्या सूचनेत वस्तूचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख यांचा उल्लेख हवा. वस्तू शासकीय कोषागारात जमा करावी लागते किंवा तिच्याबद्दल जामीन द्यावा लागतो. त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून हक्कदारांना बोलावतात.

'सरकारला कळविले की सर्व जाते' ही समजूत बरोबर नाही. धन शंभर वर्षांपूर्वीचे व बेवारस ठरले आणि जमीनमालकाने हक्क सांगितला, तर दोघांत निराळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्यास व एक चतुर्थांश मालकास देण्याची तरतूद आहे. शासनाने ते धन संपादन करावयाचे ठरविल्यास धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांशाइतकी अधिक रक्कम द्यावी लागते. याउलट सूचना न देणारास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येत असल्याने ती खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाहीत. घरात वारशाने आलेल्या नाण्यांचा संग्रह करण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही.

फसवणुकीपासून सावध

नाण्यांच्या नावाने होणारी फसवणूक ग्रामीण भागात वारंवार उघडकीस येते. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ यांसारखे साल आणि रामपंचायतन किंवा हनुमान यांची आकृती असलेले तांब्याचे तुकडे 'दैवी शक्तीचे नाणे' म्हणून विकले जातात. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नव्हते. तांदूळ खेचून घेणारे नाणे ही तर शुद्ध थाप आहे. जुन्या नाण्यांच्या बदल्यात लाखो रुपये देण्याचे आमिष दाखवून आगाऊ शुल्क उकळणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जनतेला जाहीर इशारा दिला होता. आगाऊ पैसे मागणारा ग्राहक हा ग्राहकच नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

प्राचीन नाण्यांच्या ओतीव नकलाही बाजारात असतात. कडेवर साच्याची शिवण दिसणे, पृष्ठभागावर बारीक छिद्रे असणे, वजन प्रमाणाबाहेर भरणे किंवा दोन नाण्यांवर अगदी एकाच जागी एकच खाच असणे, या नकलेच्या खुणा होत.

शाळा व ग्रामपंचायतींचे कार्य

या कामी शिक्षकांचे साहाय्य फार मोलाचे ठरेल. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील जुन्या नाण्यांच्या पेन्सिलीने घेतलेल्या छापा आणून एका वहीत लावाव्यात. मूळ नाणे घरीच राहू द्यावे. प्रत्येक छापेखाली वजन, आकार आणि ते नाणे घरात कोठून आले याची वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत लिहावी. मुलांना पैसा, पै व आण्याचे गणित तर येईलच, पण व्यापार, नोकरी किंवा विवाहसंबंध यांच्या निमित्ताने आपल्या गावाचा धार, देवास, इंदूर वा बडोद्याशी कसा संबंध आला होता, हेही उमगेल.

विहीर, पाया किंवा रस्त्याचे खोदकाम चालू असता नाणी आढळल्यास तलाठी, ग्रामसेवक व पोलीस पाटील यांनी ती जागा तशीच राखून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकारी व पुरातत्त्व विभागास त्वरित कळवावे. अवघड नाण्यांच्या वाचनासाठी नाशिकजवळील अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था, तसेच शासकीय वस्तुसंग्रहालये यांचे मार्गदर्शन घेता येईल.

देवासच्या दोन राज्यांमधील भेद तांब्याच्या पैशावरील दोन अक्षरांत शिल्लक आहे, आणि गौतमीपुत्राच्या विजयाची साक्ष एका चिन्हाखाली उरलेल्या पुसट ग्रीक अक्षरांत आहे. ही अक्षरे एकदा घासली गेली की कोणत्याही प्रयोगशाळेत ती परत आणता येत नाहीत. नाणे सापडेल तेव्हा हात आवरावा, कागद-पेन्सिल घ्यावी आणि प्रथम नोंद करावी.